एक इलेक्ट्रॉन सोडवायला किती पडतात?

गेल्या महिन्यात आमच्या अपार्टमेंटच्या गच्चीवर मीटिंग भरली. विषय एकच, गच्चीवर मोबाईल टॉवर बसवू द्यायचा की नाही. कंपनीचा माणूस भाड्याचा आकडा सांगून गेला होता आणि जाताना एक रंगीत पत्रक ठेवून गेला होता. त्यावर ठळक अक्षरांत छापलेलं: 'टॉवरचे प्रारण नॉन-आयोनायझिंग आहे, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही.' तळमजल्यावरच्या काकांनी चष्मा कपाळावर चढवून ते दोनदा वाचलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. "सर, तुम्ही बारावीला केमिस्ट्री शिकवता की. हे आयोनायझिंग म्हणजे काय, सांगा बघू सगळ्यांना."

"अणूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढणं," मी म्हणालो.

दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी लगेच पकडलं. "कुठल्या अणूतून? सगळ्यांतून सारखाच निघतो का?"

वर्गात हा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण तिथे उत्तर आधीच फळ्यावर असतं: इलेक्ट्रॉन काढायची ऊर्जा मूलद्रव्यांच्या आवर्तसारणीत डावीकडून उजवीकडे वाढते, वरून खाली कमी होते. पोरं ते घोकतात, पेपरात उतरवतात, दोन मार्क घेऊन मोकळी होतात. गच्चीवर फळा नव्हता, उजेडही फारसा नव्हता. त्या रात्री जे धड सांगता आलं नाही ते इथे सांगतो.

आधी किंमत कशाची ते ठरवू

अणूच्या मध्ये केंद्रक असतं, त्यावर धनप्रभार. भोवती इलेक्ट्रॉन, त्यांच्यावर ऋणप्रभार. विरुद्ध प्रभार एकमेकांना ओढतात, म्हणून इलेक्ट्रॉन घट्ट धरलेले असतात. एकट्यादुकट्या, वायुरूपातल्या अणूमधला सगळ्यात सैल बसलेला इलेक्ट्रॉन पार बाहेर काढायला जी कमीत कमी ऊर्जा लागते, तिला आयनीभवन ऊर्जा म्हणतात. इलेक्ट्रॉन गमावलेला अणू म्हणजे धन आयन. जड शब्द संपले, आपण यापुढे तिला सरळ 'किंमत' म्हणू.

किंमत मोजायला नाणं हवं. पाठ्यपुस्तकात किलोज्यूल असतात, पण ते एकदम अब्जावधी अणूंचं घाऊक बिल आहे. आपल्याला किरकोळ भाव हवा, एका अणूचा. त्यासाठी इलेक्ट्रॉन व्होल्ट नावाचं नाणं वापरतात: एक इलेक्ट्रॉन एक व्होल्टचा चढ चढला की जेवढी ऊर्जा खर्च होते तेवढी. हायड्रोजनची किंमत १३.६ नाणी. सगळ्यात महाग हेलियम, २४.६. सगळ्यात स्वस्त सिझियम, ३.८९. बाकी सगळी आवर्तसारणी या दोघांच्या मध्ये कुठेतरी.

एक घोटाळा आधीच मिटवू. आमटीत मीठ टाकताना चार कण बर्नरवर सांडले की निळी ज्योत क्षणभर पिवळीधमक होते. ते पिवळं म्हणजे सोडियम. पूर्वी आपल्या रस्त्यांवर जे पिवळे दिवे असायचे, ज्यांच्या उजेडात लाल साडी तपकिरी दिसायची, तेही सोडियमचेच. पण त्या उजेडासाठी इलेक्ट्रॉन घर सोडून जात नाही. तो वरच्या पायरीवर उडी मारतो आणि परत खाली येतो, येताना २.१ नाण्यांचा पिवळा प्रकाश टाकतो. घर सोडायचं तर ५.१४ लागतात. उडी वेगळी, घर सोडणं वेगळं. या दोन्हींत गल्लत फक्त विद्यार्थीच करतात असं नाही. फ्रँक आणि हर्ट्झ या जर्मन जोडीने १९१४ साली पाऱ्याच्या वाफेत ४.९ नाण्यांवर काहीतरी घडताना पाहिलं आणि ही पाऱ्याची आयनीभवनाची किंमत असं समजून चालले. ती निघाली उडी. पाऱ्याची खरी किंमत १०.४ आहे. तरी प्रयोग एवढा मोलाचा होता की पुढे १९२५ चं नोबेल त्यांनाच मिळालं.

संमती कट्ट्याची ओढ

संक्रांतीच्या सुमारास आमच्या सोलापुरात सिद्धेश्वराच्या यात्रेत अक्षता सोहळा ज्यांनी पाहिलाय त्यांना पुढचं सांगायला फार वेळ लागणार नाही. संमती कट्ट्यावर विधी चाललेत. भोवती माणसांची कडी, बहुतेक पांढऱ्या बाराबंदीतली. 'सत्यम सत्यम दिड्डम दिड्डम' म्हटलं की सगळ्यांचे हात एकदम वर जातात आणि अक्षता पडतात. कट्ट्याला अगदी खेटून उभ्या असलेल्या माणसाला तिथून हलवून दाखवा. चार जणांनी ओढला तरी हलणार नाही. आता गर्दीच्या पार शेवटच्या टोकाला, रस्त्याच्या कडेला उभा असलेला माणूस बघा. त्याला कट्टा लांब, मधे हजार डोकी, दिसत काही नाही. बाजूच्या गाड्यावर भजी तळल्याचा वास आला की हा गेला.

अणूचंही असंच. किंमत तीन गोष्टी ठरवतात. कट्ट्याची ओढ किती, म्हणजे केंद्रकावर धनप्रभार किती. माणूस किती लांब उभा आहे, म्हणजे इलेक्ट्रॉन कितव्या कड्यात आहे. आणि मधे डोकी किती, म्हणजे आतल्या कड्यांतले इलेक्ट्रॉन. आतले इलेक्ट्रॉन बाहेरच्याला ढकलतात आणि केंद्रकाची ओढ अडवतात. पुस्तकात या अडवण्याला परिरक्षण म्हणतात.

यात एक बारकावा आहे आणि सगळी मेख त्यातच आहे. तुमच्या पुढे उभा असलेला माणूस तुमची नजर अडवतो. तुमच्या शेजारी, त्याच रांगेत उभा असलेला जवळजवळ अडवत नाही. थोडा कोपर लागतो, तेवढंच.

आडवं चालत जाऊ

दुसऱ्या आवर्तात, म्हणजे सारणीच्या दुसऱ्या आडव्या ओळीत, लिथियमपासून निऑनपर्यंत चालत गेलं तर प्रत्येक घराला केंद्रकावर एक धनप्रभार वाढतो आणि एक इलेक्ट्रॉन वाढतो. हा वाढीव इलेक्ट्रॉन मात्र पुढे उभा राहत नाही, त्याच कड्यात शेजारी येऊन उभा राहतो. म्हणजे कट्ट्याची ओढ वाढत चालली आणि अडवणारं कुणी फारसं वाढलं नाही. कडं आणखी आत खेचलं जातं, अणू लहान होत जातो. इलेक्ट्रॉन वाढूनही अणू आक्रसतो, हे ऐकून दरवर्षी वर्गात दोन-तीन भुवया वर जातात. लिथियम ५.४ नाण्यांवर, निऑन २१.६ वर. आठ घरांत चौपट.

तिसऱ्या आवर्ताचा ढोबळ हिशोब करून बघू. सोडियमच्या केंद्रकात ११ धनप्रभार, पण बाहेरच्या एकुलत्या इलेक्ट्रॉनच्या पुढे १० जण उभे. त्याच्यापर्यंत पोचणारी ओढ दोन-सव्वादोन प्रभारांची. क्लोरीनमध्ये १७ प्रभार, पुढे उभे तेच १०, बाकीचे ६ शेजारी. पोचणारी ओढ सहाच्या आसपास. म्हणून सोडियम ५.१४ आणि क्लोरीन जवळपास १३.

उभं खाली उतरलं की उलट. लिथियम ५.४, सोडियम ५.१, पोटॅशियम ४.३, रुबिडियम ४.२, सिझियम ३.९. प्रत्येक पायरीला एक नवीन कडं बाहेर पडतं आणि आतल्या सगळ्या कड्यांची डोकी मधे येतात. केंद्रकाचा प्रभार ३ वरून ५५ वर गेला तरी शेवटच्या माणसापर्यंत त्यातलं फारसं काही पोचत नाही.

मेंडेलीव्हने १८६९ साली सारणी मांडली तेव्हा इलेक्ट्रॉन हा शब्दसुद्धा रसायनशास्त्रात नव्हता. थॉमसनने तो कण दाखवला १८९७ साली. म्हणजे घरं आधी लागली, आत राहतंय कोण हे २८ वर्षांनी कळलं.

"पण मधेच भाव पडतो त्याचं काय?"

हा प्रश्न हुशार पोरं विचारतात, आणि पुष्कळदा त्यांना उत्तर मिळतं, 'तो अपवाद आहे, पाठ कर.' मला हे उत्तर अजिबात पटत नाही. आकडे बघा: लिथियम ५.४, बेरिलियम ९.३, बोरॉन ८.३, कार्बन ११.३, नायट्रोजन १४.५, ऑक्सिजन १३.६, फ्लोरिन १७.४, निऑन २१.६. चढण आहे, पण दोन ठिकाणी पाय घसरतो. बोरॉनला आणि ऑक्सिजनला. खालच्या आवर्तातही तसंच, मॅग्नेशियम ७.६ आणि पुढचं अॅल्युमिनियम ६.०. फॉस्फरस १०.५ आणि पुढचं गंधक १०.४.

दर आवर्तात त्याच जागी पाय घसरत असेल तर रस्त्यावर खरोखर काहीतरी असणार. कडं बाहेरून एक दिसलं तरी आत त्याचे भाग पडलेले असतात. पहिल्या भागातले दोन इलेक्ट्रॉन लग्नातल्या त्या भाच्यासारखे, ज्याला सारखं कुणीतरी काम सांगतं. उभा मागे, पण दर दोन मिनिटांनी पार बोहल्यापर्यंत चक्कर मारून येतो. त्यामुळे त्यांच्यावर केंद्रकाची पकड चांगली. हा भाग बेरिलियमला भरतो. बोरॉनचा पाचवा इलेक्ट्रॉन दुसऱ्या भागात जातो, आणि तिथल्यांना इतकं आतवर जाता येत नाही. वर पहिल्या भागातली जोडी त्याला थोडी अडवतेही. म्हणून प्रभार वाढूनही तो स्वस्तात सुटतो.

ऑक्सिजनचं कारण वेगळं. त्यासाठी मे महिन्यातली सोलापूरची गच्ची डोळ्यांपुढे आणा. दिवसा पारा ४२-४३, रात्री घरात भिंती हाताला चटका देतात, म्हणून सगळे वर. गच्चीवर तीन बाजा. तीन भाऊ असले तर एकेक बाज एकेकाची, ऐसपैस. नायट्रोजनचे दुसऱ्या भागातले तीन इलेक्ट्रॉन असे तीन बाजांवर एकेकटे झोपलेले. आता चौथा मावसभाऊ आला. त्याला कुणाच्या तरी बाजेवर घुसावं लागणार. एका बाजेवर दोन अंगं, घाम, लाथा. या दोघांपैकी एकाला उठवायचं असेल तर फार जोर लावावा लागत नाही, तो उठायला टेकलेलाच असतो. ऑक्सिजनचा चौथा इलेक्ट्रॉन हाच. एका जागेत दोन ऋणप्रभार आले की एकमेकांना ढकलतात, आणि एकाला बाहेर काढणं नायट्रोजनपेक्षा स्वस्त पडतं.

आकड्यांतला एवढासा खड्डा, जेमतेम एका नाण्याचा, पण अणूच्या आत बाजा किती आणि कुणी कुठे झोपायचं याचा नियम काय, हे तो दाखवून देतो.

"सोडियमला इलेक्ट्रॉन द्यायचाच असतो ना?"

नाही. हे वाक्य मीसुद्धा वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलंय आणि आता लिहायचं सोडलंय. कुठल्याही अणूला पहिला इलेक्ट्रॉन फुकट द्यायचा नसतो. सिझियमलाही नाही. किंमत कमी असेल, शून्य कुणाचीच नाही.

मिठाचा जमाखर्च मांडू. सोडियमचा इलेक्ट्रॉन सोडवायला ५.१४ नाणी लागली. क्लोरीनने तो घेतला की ३.६१ परत मिळतात. म्हणजे या व्यवहारात दीड नाण्याची खोट आली. 'सोडियम देतो, क्लोरीन घेतो, दोघे सुखी' ही गोष्ट इथेच तोंडावर पडते. शिवाय सोडियम धातूतून एकेक अणू सुटा करायला सव्वा नाण्याच्या आतबाहेर आणि क्लोरीनची जोडी तोडून एकेक अणू मिळवायलाही साधारण तेवढंच लागतं. सगळी मिळून खोट चाराच्या जवळ.

ती भरून काढतो मिठाचा खडा. धन आणि ऋण आयन एकाआड एक रचले गेले की प्रत्येक जोडीमागे आठाहून थोडी जास्त नाणी सुटतात. चार खर्च, आठ जमा. म्हणून सोडियम क्लोरीनमध्ये पेटतो आणि आपल्या ताटात मीठ येतं.

दुसरा इलेक्ट्रॉन का नाही जात मग? कारण सोडियमचा दुसरा इलेक्ट्रॉन आतल्या, भरलेल्या कड्यातला आहे, आणि एक गेल्यावर उरलेल्यांवर पकड आणखी घट्ट झालेली. किंमत ४७.३. कुठलाच खडा एवढं बिल भरू शकत नाही. मॅग्नेशियमचा भाव असा: पहिला ७.६, दुसरा १५, तिसरा एकदम ८०. सातापासून पंधरावर जाणं समजण्यासारखं आहे, ऐंशीवर उडी म्हणजे कडं बदललं. नुसते हे तीन आकडे बघून सांगता येतं की बाहेरच्या कड्यात दोघेच होते.

"लिथियमचा भाव सोडियमपेक्षा जास्त, तरी बॅटरीत लिथियमच का?"

सोडियमच्या बॅटऱ्यांच्या बातम्या येऊ लागल्यापासून हे विचारणारे वाढलेत. लिथियम ५.४, सोडियम ५.१, म्हणजे सोडियम सोपा पडायला हवा. पण आपली किंमत वायुरूपातल्या एकट्या अणूची आहे, हे सुरुवातीला म्हटलं होतं ते आठवा. बॅटरीत आयन द्रवात असतो. लिथियमचा आयन इतका चिमुकला की द्रवाचे रेणू त्याला अगदी घट्ट बिलगतात आणि त्यात भरपूर ऊर्जा परत मिळते. वरचा जादा खर्च वसूल होऊन वर उरतं. शिवाय लिथियम हलकं. सोडियमच्या बाजूने बोलायचं तर ते मिठात आहे, समुद्रात आहे, स्वस्त आहे. ई-रिक्षावाल्याला नाण्यांपेक्षा रुपयांशी मतलब.

"निष्क्रिय वायू म्हणजे निष्क्रियच ना?"

उजव्या टोकाचा शेवटचा उभा स्तंभ. हेलियम २४.६, निऑन २१.६, अरगॉन १५.८, क्रिप्टॉन १४, झेनॉन १२.१. पुस्तकं म्हणायची, हे कुणाशी संयोग पावत नाहीत. एक-दोघांनी तसा अंदाज बांधला होता की झेनॉन वाकेल, पण तो कुणी फार मनावर घेतला नव्हता.

कॅनडात व्हँकुव्हरला नील बार्टलेट नावाचा तिशीचा रसायनशास्त्रज्ञ होता. त्याच्याकडे प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइड नावाची एक महाभयंकर गडद लाल वाफ होती. तिने चक्क ऑक्सिजनच्या रेणूमधून इलेक्ट्रॉन काढून घेतलेला त्याला सापडला. ऑक्सिजन म्हणजे जो इतरांचे इलेक्ट्रॉन लाटतो, त्याचाच खिसा कापला! बार्टलेटने भाव तपासले. ऑक्सिजनच्या रेणूची किंमत १२.०७. आणि झेनॉनची १२.१३. फरक सहा शतांश नाण्यांचा. जी वाफ ऑक्सिजनकडून वसूल करते ती झेनॉनकडून का नाही करणार?

२३ मार्च १९६२ ला त्याने लाल वाफ आणि रंगहीन झेनॉन यांच्यामधला पडदा फोडला. दोन्ही वायू भेटताक्षणी पिवळसर नारिंगी घन पदार्थ तयार झाला, साध्या खोलीच्या तापमानाला. तो नेमका काय होता यावर पुढे बराच खल झाला, तो दिसला तितका साधा निघाला नाही. पण झेनॉन बांधला गेला होता यात शंका उरली नाही, आणि काही महिन्यांत त्याची आणखी संयुगं हाती आली. मला या गोष्टीतलं सगळ्यात काय आवडतं तर यंत्र नाही, नशीब नाही, कोष्टकातले दोन आकडे शेजारी ठेवून बघितले एवढंच.

"खाली उतरलं की स्वस्त, मग सोनं?"

हा प्रश्न सराफ बाजारातून नाही, बारावीच्या एका मुलीकडून आला होता. सोनं चांदीच्या थेट खाली बसतं. नियमाने सोन्याचा इलेक्ट्रॉन चांदीपेक्षा स्वस्त हवा. आहे उलट: तांबं ७.७, चांदी ७.६, सोनं ९.२.

इथे अडवणारी डोकी कामचुकार निघतात. चांदीपासून सोन्यापर्यंत पोचेस्तोवर मधे चौदा मूलद्रव्यांची एक रांग येते, जी सारणीच्या खाली वेगळी छापलेली असते. त्या रांगेत भरणारे इलेक्ट्रॉन असे पसरट जागी राहतात की त्यांना पुढचं काही धड झाकता येत नाही. प्रभार चौदाने वाढला, अडवणूक तेवढी झाली नाही. त्यात सोन्याच्या केंद्रकावर ७९ प्रभार, त्यामुळे अगदी आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या निम्म्याहून जास्त वेगाने फिरतात. एवढ्या वेगाला आइन्स्टाइनचे नियम लागू होतात, आणि त्यांचा परिणाम असा की बाहेरचा इलेक्ट्रॉनही आत ओढला जातो. आजीच्या पाटल्या पन्नास वर्षांनी पेटीतून काढल्या तरी पिवळ्याच असतात, शेजारचं चांदीचं निरांजन काळं पडलेलं असतं. सोनं इलेक्ट्रॉन सहजी सोडत नाही, याचा त्यात मोठा वाटा आहे. एकटं तेच कारण नाही, पण मोठं.

सारणीच्या अगदी तळाशी, सिझियमच्या खाली फ्रान्सियम आहे. ते सिझियमपेक्षा स्वस्त असायला हवं होतं. आहे ४.०७, म्हणजे किंचित महाग. कारण तेच, वेग.

सोनं-तांबं ज्या मधल्या पट्ट्यात बसतात तिथे एरवी आडवं जाताना किंमत जेमतेम हलते. लोखंड ७.९, कोबाल्ट ७.९, निकेल ७.६. तिथे नवा इलेक्ट्रॉन शेजारी नाही, आतल्या कड्यात पुढे येऊन उभा राहतो. ओढ वाढली तशी अडवणूकही वाढली, फिट्टंफाट.

आता टॉवर

वहिनींचा प्रश्न होता, सगळ्यांतून सारखाच निघतो का. नाही. ३.८९ पासून २४.६ पर्यंत भाव आहेत. आपलं शरीर मुख्यतः पाणी. पाण्याच्या रेणूतून इलेक्ट्रॉन काढायला १२.६ नाणी लागतात, शरीरातल्या इतर रेणूंचा भावही त्याच्या खाली पण त्याच टापूत.

प्रकाश, क्ष-किरण, मोबाईलच्या लहरी ही सगळी एकाच घराण्यातली मंडळी. ऊर्जा त्या पुड्यांमध्ये देतात. प्रत्येक पुडीत नाणी किती हे लहरीवर ठरतं. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या पुडीत पावणेदोन ते तीन नाणी. छातीचा फोटो काढतात त्या क्ष-किरणांच्या पुडीत हजारो, दहा-दहा हजार नाणी. एकेक पुडी कितीतरी इलेक्ट्रॉन उखडू शकते, म्हणून तो फोटो काढणारा भिंतीआड जातो. आणि मोबाईल टॉवरच्या पुडीत? नेहमीच्या लहरींत सुमारे ०.०००००७. फाइव्ह-जीच्या सर्रास वापरातल्या लहरी धरल्या तरी ०.००००१५ च्या आसपास. अख्ख्या सारणीतला सगळ्यात स्वस्त सिझियम घ्या, त्याचा भावही या पुडीच्या अडीच लाख पटीहून जास्त आहे.

काकांनी इथे बोट ठेवलं. "काय सांगलालाव ओ सर, पुड्या तर रात्रंदिवस येतात. अडीच लाख जमायला किती वेळ?"

जमत नाहीत. पूर्वी सोलापूर स्टेशनवर वजनाचं ते लाल-निळे दिवे लुकलुकणारं मशीन असायचं. रुपयाचं नाणं टाकलं की तिकीट यायचं. पाच-पाच पैशांची अख्खी पिशवी घेऊन उभं राहिलात तरी मशीन ढिम्म. इलेक्ट्रॉनला पूर्ण किंमत एकाच पुडीतून लागते. प्रचंड तीव्र लेझरमध्ये याला अपवाद घडवता येतो, पण गच्चीवर तसला लेझर कुणी बसवत नाही. एका पुडीतून एक इलेक्ट्रॉन, हे आइन्स्टाइनने १९०५ साली मांडलं होतं.

म्हणजे पत्रकातला पहिला अर्धा भाग बरोबर. टॉवर कुणाच्या अणूतून इलेक्ट्रॉन काढू शकत नाही.

चूक आहे ती 'त्यामुळे' या शब्दात. सोलापूरचं ऊनच बघा. जमिनीपर्यंत पोचणाऱ्या अतिनील किरणांच्या पुडीत फार तर चार-सव्वाचार नाणी असतात. पाण्याचा इलेक्ट्रॉन त्यांनी सुटत नाही. तरी कातडी भाजते, आणि वर्षानुवर्षं लागलं तर त्वचेचा कॅन्सरही होऊ शकतो, कारण डीएनएमधले शेजारचे दुवे भलतीकडे जोडायला तेवढी नाणी पुरतात. घर सोडावं लागत नाही, उडीसुद्धा नुकसान करते. तेव्हा नॉन-आयोनायझिंग म्हणजे निर्धोक, हे समीकरण चालत नाही. टॉवरच्या पुडीत या दुव्यांना हात लावण्याइतकीही नाणी नाहीत, हे त्यांनी लिहायला हवं होतं. टॉवरच्या लहरींचा सिद्ध झालेला परिणाम एकच, ऊब. मर्यादा घालतात ती त्यासाठी. आणि हेही सांगितलं पाहिजे की जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०११ साली या लहरींना 'कदाचित कॅन्सरकारक' या गटात ठेवलं आहे. पुरावा अपुरा आहे पण दार बंद करत नाही, असा त्या गटाचा अर्थ. त्याच गटात पूर्व आशियातली काही मुरवलेली लोणचीही आहेत.

हे सगळं मी दुसऱ्या मीटिंगमध्ये, यावेळी वहीत आकडे लिहून नेऊन सांगितलं. वहिनींनी वही हातात घेतली, सिझियमच्या ओळीखाली नखाने रेघ मारली आणि म्हणाल्या, "इलेक्ट्रॉनचं कळलं. आपली बिल्डिंग तीस वर्षांची आहे. टॉवर, खांब, बॅटऱ्या, जनरेटर, या सगळ्याचं वजन किती?"

पत्रकात ते कुठेच नव्हतं. रविवारी स्लॅब बघायला इंजिनिअर येणार आहे. काकांची सही झाली आहे, वहिनींची नाही.